यूएसबी पोर्टवर 'पॉवर सर्ज' दाखवतंय?

विंडोजवाल्या लॅपटॉपवर कोपऱ्यात 'पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट' असं आलं की आपण घाबरतो, पण बऱ्याचदा मदरबोर्ड वगैरे उडालेला नसतो, पोर्टला झेपेना एवढा करंट कुणीतरी ओढत असतं एवढंच. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० वाला ९००, आणि आपण एका स्वस्तातल्या हबला (एका पोर्टचे चार पोर्ट करणारी डबी) हार्डडिस्क, माऊस, वर फोन चार्जिंगला, सगळं लटकवतो, मग काय होणार!

आधी सगळं काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जरही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करून एकेक वस्तू लावत जा, जी लावल्यावर मेसेज येतो तीच चोर. माझ्याकडे हार्डडिस्कची केबल निघाली, टोकाशी वाकून वाकून आतली तार उघडी पडलेली.

काहीच लावलेलं नसतानाही मेसेज येत असेल तर टॉर्च मारून पोर्टमध्ये बघा, वाकलेली पिन किंवा कचरा असतो (लॅपटॉप बंद करूनच, आणि टाचणी घालू नका प्लीज). तेही ठीक असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून (लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी असते तिथून) यूएसबी कंट्रोलर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट, ड्रायव्हर आपोआप परत येतात. हार्डडिस्क रोज लागत असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेलाच हब घ्या.