अल्जिनेटचे माप ओतायला उशीर करू नका

दातांचे माप अल्जिनेटमध्ये, म्हणजे पाण्यात कालवून तोंडात घट्ट होऊ देतात त्या लवचिक पदार्थात, घेतले असेल, तर त्यात डेंटल स्टोन (साचा बनवण्याचे कठीण प्लास्टर) शक्यतो दहा-पंधरा मिनिटांच्या आतच ओतावा. घट्ट झालेल्या अल्जिनेटमध्ये बहुतांश भाग पाण्याचाच असतो. त्यामुळे माप उघड्यावर राहिले की ते पाणी सोडून आक्रसते आणि पाण्यात बुडवून ठेवले की पाणी शोषून फुगते, म्हणजे दोन्ही प्रकारे साचा चुकतो व त्यावर बनवलेली कवळी तोंडात नीट बसत नाही. माप पाण्यात ठेवले की ते सुरक्षित राहते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो.

तोंडातून काढल्यावर माप वाहत्या पाण्याखाली धरून लाळ व रक्त धुवावे, जंतुनाशक फवारावे आणि पृष्ठभागावरची ओली चकाकी जाईल इतपतच पाणी झटकावे. थोडा वेळ थांबणे अटळच असेल, तर पिळून घेतलेल्या ओलसर टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून ते बंद पिशवीत ठेवावे. मात्र माप ज्यात घेतले त्या ट्रेबाहेर आलेली अल्जिनेटची मागची कड टेबलावर टेकू देऊ नये, कारण ट्रेच्या वजनाने ती दबते. काही तासांचा उशीर ठरलेलाच असेल, तर अल्जिनेटऐवजी ॲडिशन सिलिकॉन हे रबरासारखे माप घेण्याचे साहित्य वापरावे. ते महाग असले तरी त्याचा आकार कित्येक दिवस टिकतो.