गडावर श्रमदान ठेवताय? या चुका टाळा

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गडावर श्रमदान, हा आमचा चौदा वर्षांचा नेम. जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, शिवनेरीसह 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि ‘आम्हालाही आमच्या गडावर सुरू करायचंय’ असे फोन वाढले. टिकाव किती, घमेली किती, सगळं विचारतात. आलेला माणूस दुसऱ्यांदा का येत नाही, ते मात्र कुणी विचारत नाही.

काम करणाऱ्यांना बसवून पाहुण्यांचा सत्कार. ही चूक मी स्वतः केलीय. कातळात खोदलेलं एक टाकं गाळाने भरलं होतं. पाच रविवार घमेल्यांची साखळी लावून उपसलं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका पाचही रविवार तळाशी, मांडीभर चिखलात उभे. घमेलं भरून वर देणं सगळ्यात कष्टाचं, ते त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

मग आम्हाला कार्यक्रमाची हौस आली. फ्लेक्स, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्हं. पाहुणे अडीच तास उशिरा आले, तोवर माणसं मेच्या उन्हात. पाहुण्यांसोबतच्या चौघांनाही शाली गेल्या आणि आमच्याच पोरांना उरल्या नाहीत. काका मागे चुलीपाशी चहाचं दुसरं आधण ठेवत होते. यादीत त्यांचं नाव नव्हतं. यादी मीच केली होती.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, “शालीचं काय घेऊन बसलात! पाऊस सुरू होऊन महिना झाला. टाक्यात पाणी धरलं का, एवढं तरी कळवायचं.”

कळवलं नव्हतं. त्याच संध्याकाळी वर गेलो, काठोकाठ भरलेल्या टाक्याचा फोटो काढला, उतरून त्यांना पाठवला. रविवारी सात वाजता काका पायथ्याला हजर. आता आमचा नियम असा: पावसाळ्यात एकदा सगळ्यांना फक्त पाणी बघायला न्यायचं. त्या दिवशी भाषण नाही, फावडं नाही. पिठलं-भाकरी, बस्स.

माणसं बोलावली, काम तयार नाही. नव्या संयोजकांचा हा आवडता प्रकार. ग्रुपवर ‘चला गडावर!’ टाकतात, साठ जण येतात, टिकाव सात. उरलेले सेल्फी काढतात, मग त्यांनाच नावं ठेवली जातात. अहो, दोष तुमचा. तीन तास चढून आलेल्या माणसाला रिकामा ठेवणं यासारखा अपमान नाही. मी आदल्या शनिवारी एकटा वर जाऊन चुन्याच्या फक्कीने जागा आखतो: इथे आठ जण, तिथे साखळीला वीस. त्यापेक्षा जास्त नावं आली तर पुढच्या महिन्यात या म्हणून सांगतो. गर्दीचा फोटो चांगला येतो, पण गाळ त्याने निघत नाही.

सगळे एकाच कारणासाठी येतात असं धरून चालणं. एकाला इतिहासाचं वेड. एका ताईंना नवरा गेल्यापासून रविवार खायला उठतो. एक पोरगा एका पोरीच्या मागे आला होता; तिने यायचं सोडलं, त्याने घमेलं सोडलं नाही. चढताना शेजारी चालणाऱ्याला बोलतं करा, आपोआप कळतं.

बाकीच्या चुका पटकन:

परवानगी न काढणं. संरक्षित गडावर पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय टिकाव लावायचा नाही. ‘चांगल्याच कामाला कसली परवानगी’ म्हणणाऱ्याला मी साखळीतही घेत नाही. गाळात तोफगोळा, नाणं, काहीही निघू शकतं. निघालं की हात थांबवायचा आणि विभागाला कळवायचं.

तटातला पिंपळ उपटणं. मुळाबरोबर चिरेही येतात. तो जाणकारांसाठी ठेवा.

नाव विसरणं. ‘ओ टोपीवाले’ म्हणून हाक मारू नका. मी वही ठेवतो.

कॉलेजची पोरं भाड्याचे पैसे नाहीत हे सांगत नाहीत, नुसती यायची थांबतात. आमच्याकडे चहाच्या डब्याशेजारी एक डबा असतो. ज्याला जमेल तो टाकतो, ज्याला लागेल तो घेतो, आणि त्या वेळी बाकीच्यांनी चुलीकडे बघायचं.