बेटावरील रानटी मांजरांचा माग कसा काढावा

ज्या बेटांवर शिकारी सस्तन प्राणी कधीच नव्हते, तेथील अनेक पक्षी जमिनीवर किंवा बिळात घरटी करतात आणि मांजराला पाहून पळावे हे त्यांना ठाऊक नसते. दक्षिण हिंदी महासागरातील मॅरियन बेटावर १९४९ च्या सुमारास उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाच मांजरे आणली गेली. १९७० च्या दशकात त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली आणि ती दरवर्षी अंदाजे साडेचार लाख पेट्रेल, म्हणजे बिळात घरटी करणारे समुद्रपक्षी, मारत होती. अशा बेटावर मांजरे किती आहेत, कोठे फिरतात आणि काय खातात हे कळल्याखेरीज कोणताही उपाय आखता येत नाही. येथे रानटी मांजर म्हणजे माणसाच्या आधाराशिवाय जगणारी पाळीव मांजराची संतती. मराठीत ज्याला रानमांजर म्हणतात ती मूळची वन्य प्रजात असून तिचा येथे संबंध नाही.

काम सुरू करण्यापूर्वी त्या प्रदेशाच्या वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी आणि घरट्यांच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात. पेट्रेलची बिळे भुसभुशीत जमिनीत असतात आणि आपल्या पायाखाली सहज ढासळतात, त्यामुळे ज्या पक्ष्यांसाठी आपण आलो त्यांचीच पिल्ले आपल्याकडून गाडली जाण्याचा धोका असतो. चालण्याचे मार्ग आधीच ठरवून घ्यावेत आणि ते सोडू नयेत.

पहिली पाहणी ठशांची करावी. वाट अरुंद होते तेथे मीटरभर रुंदीचा बारीक वाळूचा आडवा पट्टा संध्याकाळी सपाट करून ठेवावा आणि सूर्य उगवताच पाहावा, कारण तिरप्या उन्हात ठसे उठून दिसतात आणि वारा सुटल्यावर पुसले जातात. मांजराचा ठसा गोलसर, साधारण तीन ते चार सेंटिमीटरचा असतो. चार बोटे उमटतात, पण नखे आत ओढलेली असल्याने त्यांच्या खुणा सहसा दिसत नाहीत आणि तळव्याच्या मुख्य गादीची मागची कड तीन भागांची असते. कुत्र्याचा ठसा लांबट असतो आणि त्यात नखे दिसतात.

वाटेवर किंवा उंचवट्यावर उघडी पडलेली विष्ठाही मोलाची आहे. मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरतो, म्हणून हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी व प्रत्येक नमुना तारीख आणि जागा लिहून वेगळ्या पिशवीत ठेवावा. नमुना धुऊन चाळला की केस, पिसे, सरड्यांचे खवले आणि हाडे हाती लागतात. तरीही विष्ठेत पीस सापडले म्हणजे तो पक्षी मांजरानेच मारला असे म्हणता येत नाही, कारण मांजर मेलेला पक्षीही खाते. मारल्याचा पुरावा हवा असेल तर घरट्याजवळ कॅमेरा लावावा आणि ताज्या मृत पक्ष्यांवरील दातांच्या खुणा तपासाव्यात.

मोजणीसाठी मुख्य साधन म्हणजे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप छायाचित्र काढणारा कॅमेरा. तो जमिनीपासून सुमारे तीस सेंटिमीटर उंचीवर, उगवतीच्या किंवा मावळतीच्या सूर्याकडे तोंड येणार नाही असा बसवावा आणि समोरचे हलणारे गवत काढून टाकावे. नाहीतर हजारो रिकामी छायाचित्रे तपासण्यात आठवडे जातात. पट्टेरी मांजर अंगावरच्या नक्षीवरून ओळखता येते, पण डाव्या आणि उजव्या अंगाची नक्षी सारखी नसते, म्हणून जमेल तेथे दोन कॅमेरे समोरासमोर लावावेत. संपूर्ण काळ्या मांजरांना अशा रीतीने वेगळे ओळखणे फार कठीण असते. अशी मांजरे बरीच असतील तर नेमक्या संख्येचा दावा करू नये.

मांजर दिसले नाही त्या रात्रींचीही नोंद ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वीस कॅमेरे तीस रात्री चालले तर ६०० कॅमेरा-रात्री होतात. त्यांतील बारा रात्री मांजर टिपले गेले तर शंभर कॅमेरा-रात्रींमागे दोन नोंदी असा निर्देशांक मिळतो. हा आकडा मांजरांची संख्या सांगत नाही, परंतु पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, तेच आमिष वापरून पाहणी केली तर घट झाली की वाढ हे बऱ्यापैकी समजते. महिना तोच हवा, कारण समुद्रपक्षी बेट सोडून गेल्यावर मांजरांचे अन्न घटते, त्यांचे फिरणे बदलते आणि निर्देशांकही त्याबरोबर बदलतो.

रात्री विजेरीच्या झोतात चमकणारे डोळे मोजणे, मांजराचा ठावठिकाणा नोंदवणारा गळपट्टा (जीपीएस कॉलर) लावणे आणि वासावरून माग काढणारे प्रशिक्षित कुत्रे नेणे या पूरक पद्धती आहेत. कॉलरसाठी मांजर पकडून भूल द्यावी लागते, म्हणून ते काम पशुवैद्यकाकडेच सोपवावे.

या पाहणीत उंदीर आणि ससे यांचीही मोजणी करावी. न्यूझीलंडच्या हौतुरू बेटावरून १९८० मध्ये मांजरे पूर्णपणे हटवण्यात आली, तेव्हा तेथील अंडी-पिल्ले खाणाऱ्या उंदरांवरचा दाब नाहीसा झाला आणि कुक्स पेट्रेल या पेट्रेलच्या प्रजातीची वीण सुधारण्याऐवजी खालावली. २००४ मध्ये उंदीरही हटवल्यावर ती सावरली.

शेवटचे मांजर हटवल्यानंतरही कॅमेरे काढू नयेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सुमारे ६३ हजार हेक्टरांचे डर्क हार्टोग बेट २०१८ मध्ये मांजरमुक्त जाहीर झाले, ते शेवटच्या मांजरानंतर सुमारे दोन वर्षे पाहणी चालू ठेवूनच. या काळात ठशांचे पट्टे आणि कॅमेरे पूर्वी मांजरे सर्वाधिक दिसत होती तेथे तर ठेवावेतच, शिवाय आजवर कमी तपासलेल्या कडेकपारींतही न्यावेत, आणि एकही नवा ठसा मिळाला तर पाहणीचा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावा.