तोंडा-घशाच्या कर्करोगावर ‘लाइट’ घेताना होणारा त्रास कसा सांभाळावा

तोंड, घसा किंवा मानेच्या कर्करोगावरचे किरणोपचार, ज्यांना रुग्ण ‘लाइट घेणे’ म्हणतात, बहुधा आठवड्यातून ५ दिवस, असे ६ ते ७ आठवडे चालतात. मध्येच खंड पडल्यास उपचाराचा गुण कमी होतो. म्हणून त्रासाला कंटाळून उपचारासाठी केलेला मुंबई-कोल्हापूरचा मुक्काम अर्धवट सोडू नये. डॉक्टरांना रोजच्या रोज सांगून त्रास आटोक्यात ठेवावा.

सुरुवातीपूर्वी दंतवैद्याला अवश्य दाखवावे. काढण्याजोगे दात आधीच काढून जखम भरू द्यावी, कारण किरण घेतलेल्या जबड्याचे हाड पुढे सहज भरून येत नाही. तंबाखू आणि मशेरी लगेच थांबवावी. मशेरी दातांची औषधी पूड म्हणून घरोघरी लावली जात असली, तरी ती भाजलेली तंबाखूच आहे.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, लाळ चिकट होते आणि चव जाते. लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवून दिवसातून अनेकदा चूळ भरावी आणि थुंकून टाकावी. दारूचा अंश असलेले माउथवॉश टाळावे.

सर्वांत जास्त लक्ष खाण्याकडे द्यावे, कारण वजन घटले की अंगातले बळ जाते आणि पुढचे दिवस कठीण होतात. सुदैवाने कोकणच्या स्वयंपाकघरात मऊ अन्न कमी नाही: उकड्या तांदळाची पेज घोटून, तीत नारळाचा दाट रस किंवा तूप घालून द्यावी, कुळथाची पिठी तिखट आणि आमसूल न घालता पातळ करावी, ओल्या बोंबलाचा उकडलेला गर किंवा अंडे मऊ भातात कुस्करावे. सोलकढी, तिरफळ, लोणचे व कडक भाकरी यांना काही काळ रजा द्यावी. सगळे कोमट असावे आणि थोडे थोडे, दोन-दोन तासांनी घ्यावे. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक जेवणाआधी अर्धा तास घेतल्यास घास उतरतो. तरीही पोटात पुरेसे जात नसेल आणि डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली, तर घरच्यांनी ती हार मानू नये. ती तात्पुरती सोय आहे. मात्र नळी असतानाही, डॉक्टरांची परवानगी असल्यास, घोटभर पाणी गिळत राहावे, म्हणजे गिळण्याचे स्नायू आखडत नाहीत.

मानेची कातडी काळवंडते. दमट हवेत घाम साचू नये म्हणून सैल सुती कपडे घालावेत आणि खोबरेल किंवा कोणताही लेप विचारल्याशिवाय लावू नये.

जबडा उघडण्याचा व्यायाम शिकवलेल्या पद्धतीने रोज करावा. ताप, रक्तस्राव, श्वासाला त्रास किंवा पाणीही गिळता न येणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

शेवटची लाइट झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे त्रास वाढू शकतो, मग हळूहळू उतरतो. तोंडाचा कोरडेपणा मात्र पुष्कळदा महिनोन्महिने राहतो. मानेतल्या थायरॉइड ग्रंथीची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी, आणि काही वर्षांनी गावात दात काढायची वेळ आली, तरी दंतवैद्याला किरणोपचार झाल्याचे आधी सांगावे.