आप्फेलश्ट्रूडल करताय? आधी बोटातली अंगठी काढा

व्हिएन्नात राहून मला एकोणीस वर्षं झाली. दर सप्टेंबरात मला एकच फोन येतो. कुणीतरी मराठी मुलगी इथे नव्याने शिकायला किंवा नोकरीला आलेली असते, बाजारात सफरचंदांचे ढीग बघून तिला हुरूप येतो, ती आप्फेलश्ट्रूडल, म्हणजे कागदासारख्या पातळ ताणलेल्या पिठात सफरचंदं गुंडाळून भाजलेला इथला गोड पदार्थ, करायला घेते आणि रविवारी संध्याकाळी रडका आवाज: "काकू, फाटलं हो सगळं."

पीठ किती वेळ झाकून ठेवलं होतंस, असं मी विचारते. "दहा मिनिटं. पण मऊ होतं चांगलं."

मऊ तर गोळा असतोच. तो ताणला जायला हवा. तेलपोळीची कणीक तेलात बुडवून तासन् तास मुरवणाऱ्या आयांच्या या लेकी, आणि इथे आल्यावर दहा मिनिटांत उरकायला बघतात! मळल्यावर मैद्याला चिवटपणा येतो. तो सैल पडायला वेळ लागतो, तोवर लाटलेलं पीठ रबरासारखं मागे येतं.

हे मी कशी शिकले ते सांगते. इथला माझा पहिला जानेवारी. नवऱ्याच्या ऑफिसातले सहाजण साडेपाचला यायचे होते. चारला पीठ मळलं, सव्वाचारला लाटायला घेतलं. ते मागे आलं तशी मी ओढलं, आणखी ओढलं, आणि अंगठीचा खडा अडकून वीतभर फाटलं. ठिगळं लावली, गुंडाळलं, ओव्हनमध्ये ढकललं. वीस मिनिटांत रस फुटून ओव्हनच्या तळाला गेला, साखर जळली, घरभर धूर. खिडक्या सताड उघडल्या आणि पाहुण्यांनी कोट घालून नुसती कॉफी प्यायली. धुराच्या वासाने वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. त्यांनी ओट्यावरचे तुकडे बघितले, माझा हात बघितला आणि माझ्या अंगठीवर बोट ठेवलं. बाकी एक शब्द नाही. पुढच्या रविवारी मात्र स्वतः शिकवायला आल्या.

त्यांचं प्रमाण अजून तेच ठेवलंय: पाव किलो मैदा, सव्वाशे मिली कोमट पाणी, तीन चमचे तेल, चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर मीठ. दहा मिनिटं मळायचं आणि मधूनमधून गोळा ओट्यावर आपटायचा. चांगला जोरात, शेजारी काही म्हणत नाहीत. मग वरून तेल चोळून त्यावर कोमट वाडगा पालथा घालायचा. पुस्तकं अर्धा तास म्हणतात, मी तासभर हात लावत नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून बशीत. कापडावर मैदा भुरभुरवून थोडं लाटायचं आणि मग लाटणं बाजूला ठेवून हाताच्या पाठीवर घेत मधून कडेला ताणत जायचं. पिठातून वर्तमानपत्र वाचता यावं, असं इथे म्हणतात. मी आईची जुनी फुलाफुलांची सुती साडी अंथरते. फुलं दिसली की थांबते. जाड उरलेल्या कडा कापून टाकायच्या. त्या ठेवल्या की टोकाला कच्चा गोळा चावावा लागतो.

दुसरं दुखणं म्हणजे पाणी. सफरचंदं चिरून, साखर घालून, "तोवर पीठ ताणते" म्हणणाऱ्या खूप भेटतात. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर काय होतं ते यांना ठाऊक असतं, पण साखरही तेच करते हे डोक्यात येत नाही. साखर, दालचिनी, रममध्ये भिजवलेले बेदाणे हे सगळं अगदी गुंडाळताना. आणि सारणाखाली पावाचा चुरा हवाच. किलोभर सफरचंदांना शंभर ग्रॅम चुरा, सत्तर ग्रॅम लोण्यात खमंग, बदामी रंगावर परतलेला. तो रस पितो म्हणून पीठ चिखल होत नाही. एकीने वेळ वाचवायला चुरा न परतताच घातला. तिच्याकडे मी कौतुक करत अर्धा तुकडा खाल्ला. तशी वेळ पुन्हा आणू नका.

सफरचंद आंबट घ्या. इथे मी बॉस्कोप घेते, पुण्यात बहिणीकडे ग्रॅनी स्मिथ. नुसती गोड, पिठूळ सफरचंदं म्हणजे शिरा. फोडी पातळ करा. गुंडाळताना हात लावू नका, कापड उचला, श्ट्रूडल आपोआप लोळतो. वरून भरपूर लोणी. १९० अंशांवर चाळीस मिनिटं, आणि मधे दार उघडून बघायचं नाही.

"पफ पेस्ट्री चालेल ना?" नाही चालणार. तिचे पदर पिठात लोण्याच्या घड्या घालून येतात, श्ट्रूडलचे एकच पातळ पापुद्रा गुंडाळून. तयार फिलो, म्हणजे विकत मिळणारे कागदासारखे पातळ पिठाचे पापुद्रे, त्यातल्या त्यात जवळचा. आजारी असाल तर वापरा.

आणि अस्सल काय, यावर माझ्याशी वाद घालू नका. व्हिएन्नाच्या शहर ग्रंथालयात सतराव्या शतकाच्या अखेरची हस्तलिखित पाककृती आहे, ती दुधाच्या सायीच्या श्ट्रूडलची. सफरचंदाचा पत्ताच नाही.

एवढं करूनही फाटलं तर ठिगळ लावत बसू नका. फाटकी बाजू ज्या कडेने गुंडाळायला सुरुवात करणार तिकडे घ्या. ती सगळ्यात आत जाते, कुणाला दिसत नाही. वरच्या आजीही तेच करायच्या.