विशेष गरजा असलेल्या मुलासाठी घरी आणि गावात आधार कसा उभा करावा

मूल आठ महिन्यांचे होऊनही मान धरत नाही किंवा दीड वर्षाचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, हे लक्षात आले की घरात बहुधा दोन मते पडतात. एकजण दवाखाना गाठू म्हणतो आणि दुसरा ‘याचे वडीलही उशिराच बोलायला लागले’ असे सांगून धीर देतो. धीर देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी थांबू नये. निदान पक्के व्हायला आणि प्रमाणपत्र हाती यायला कित्येक महिने जाऊ शकतात. थेरपी मात्र त्याआधीच सुरू करता येते, आणि ती करावीच, कारण मेंदूची घडण पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने होत असते.

सुरुवात अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंपासून करावी. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. या कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येणे अपेक्षित असते. पथकाची पुढची फेरी लांब असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भ चिठ्ठी घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. तेथे बालरोग, फिजिओथेरपी, वाचा व श्रवण, मानसशास्त्र अशा सेवा एकाच छताखाली विनामूल्य मिळाव्यात अशी रचना आहे. निघण्याआधी कोणते तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे फोनवर विचारून घ्यावे, कारण दिवसाची मजुरी बुडवून, एसटी बदलत आलेल्या आईला रिकाम्या हाती परतावे लागले की ती दुसऱ्यांदा येईलच असे नाही.

तज्ज्ञ आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास भेटतात, बाकीचे सगळे दिवस घराचे असतात. म्हणून प्रत्येक भेटीत ‘घरी काय करू, रोज किती वेळ करू’ हे विचारून, ते आपल्या हाताने करून दाखवावे आणि चुकले तर तिथेच दुरुस्त करून घ्यावे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या मुलाला भरवण्याचेच पाहा. आपल्याकडे मांडीवर आडवे घेऊन वरणभात भरवण्याची सवय असते, पण अशा मुलाची मान मागे पडली की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात, बाजूला घट्ट गुंडाळलेल्या चादरींचा टेकू देऊन त्याला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली राहू द्यावी, आपण त्याच्या समोर डोळ्यांच्या पातळीवर बसावे आणि पहिला घास गिळून झाल्याशिवाय दुसरा देऊ नये. जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा छाती घरघरत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे.

झटके येणाऱ्या मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. पाच मिनिटांहून अधिक काळ झटका चालू राहिला किंवा शुद्ध न येताच दुसरा आला, तर १०८ वर फोन करावा.

कागदपत्रांची एकच फाइल करावी आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स वेगळी ठेवावी. दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) यांसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. लहान मुलांचे प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरते असते, तेव्हा त्यावरची मुदत पाहून ठेवावी. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्यविमा योजनेत नाव नोंदवावे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. खर्च आधी आपण करायचा असल्याने मूळ बिले जपावीत.

शाळेबाबत ‘तुमचे मूल आमच्याकडे जमणार नाही’ हे उत्तर मान्य करू नये. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि शाळेत जाणे खरोखर अशक्य असलेल्या तीव्र दिव्यांगत्वाच्या मुलाला गृहाधारित शिक्षण मिळू शकते. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि शिक्षण विभागाच्या तालुक्यातील गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटावे. प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्ता यांचीही चौकशी तेथेच करावी.

मनाचे दुखणे बाहेरून दिसत नाही, म्हणून ते अधिक दुर्लक्षित राहते. चांगले खेळणारे मूल अचानक गप्प झाले, झोप उडाली, शाळेच्या वेळी रोज पोट दुखू लागले, तर रागावण्याआधी त्याच्याजवळ बसून ऐकावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीतही बोलता येते. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक ही सल्ला-तपासणीची केंद्रे आहेत. मारहाण किंवा अत्याचाराची शंका असेल, तर १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवावे. मूल जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

हा सगळा भार बहुतेक घरांत एकट्या आईवर पडतो, हे मला अन्यायाचे वाटते. वडील, आजी, मोठे भावंड किंवा विश्वासातली शेजारीण यांपैकी निदान एकाला भरवणे, औषध देणे आणि झटका सांभाळणे प्रत्यक्ष करायला लावून शिकवावे, आणि आठवड्यातला एक ठरावीक वेळ मूल त्यांच्याकडे सोपवावे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावावा: औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ, काय खायला द्यायचे नाही, डॉक्टरांचा फोन, फाइल कुठल्या कपाटात आहे, आणि मूल रडायला लागले की कोणते गाणे म्हटले म्हणजे ते शांत होते.