भूकंपानंतर जुनं गाव उभं करताना या चुका टाळा

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून किल्लारी, सास्तूर परिसरातली माणसं दमून झोपली होती, ती भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेल्या सपाट छताच्या, मातीखाली गाडली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात एक समज घट्ट बसला: दगडमातीचं घर जीव घेतं, स्लॅबचं घर जीव वाचवतं. जुनी गावं पुन्हा उभी करताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचं मूळ या समजात आहे.

दगडाला दोष देऊन मोकळं होणं

ढासळलेली भिंत जवळ जाऊन बघा. अडीच-तीन फूट जाडीची ती भिंत मुळात दुपदरी असते. एक पदर बाहेरचा, एक आतला आणि मध्ये कपच्या-मातीचा भराव. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा, आरपार गेलेला दगड शोधून सापडत नाही. हादरा बसला की बाहेरचा पदर गल्लीत पडतो आणि आतला झोपलेल्या माणसाच्या अंगावर. त्यात डोक्यावर माळवद. गळायला लागलं की मातीचा नवा थर टाकायचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, त्यामुळे छताचं वजन वाढतच गेलेलं. याउलट खणांचे लाकडी खांब आणि तुळया मात्र भिंती पडल्यावरही कितीतरी घरांत उभ्या राहिल्या. सुताराचं काम टिकलं. घात केला तो न सांधलेल्या भिंतीनं आणि वरच्या ओझ्यानं.

म्हणून पडलेला दगड फेकू नका, त्याच दगडानं नीट बांधा. भारतीय मानक 13828 मध्ये हे सगळं साध्या शब्दांत दिलेलं आहे. भिंत 450 मिलिमीटरपेक्षा जाड नको. उंचीत दर 600 मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त 1.2 मीटरवर एक आरपार दगड हवा. लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी काँक्रीटचा ठोकळा चालतो. दारं-खिडक्यांच्या वरून आणि छताखालून चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा फिरवा. गवंड्याला हे काम शिकवायला फार दिवस लागत नाहीत, पण काम चालू असताना कुणीतरी रोज बघायला हवं. आरपार दगड बसवला की नाही, हे गिलावा झाल्यावर कुणालाच दिसत नाही.

कच्च्या भिंतीवर जड स्लॅब

ही चूक इटलीनं फार मोठी किंमत देऊन ओळखली. 1979 च्या भूकंपानंतर उंब्रिया भागातल्या सेल्लानोसारख्या जुन्या दगडी गावांत लाकडी छतं काढून काँक्रीटची घातली गेली. खालच्या भिंती होत्या तशाच राहिल्या. 1997 मध्ये जमीन पुन्हा हलली, तेव्हा ताठर, जड छतांनी खालच्या भिंती फोडल्या. आपल्याकडे आजही जुन्या वाड्याच्या भिंती ठेवून वर स्लॅब ओतला जातो आणि घर पक्कं झालं म्हणून पेढे वाटले जातात. जुन्या भिंती आधी नीट सांधून मजबूत केल्याशिवाय हे करू नका.

मलबा घाईघाईनं उचलणं

माणसांचा शोध संपला की जेसीबी फिरतो आणि चार दिवसांत मैदान होतं. खरं तर याच वेळी थांबायला हवं. इटलीतलंच वेंझोने हे तटबंदीचं छोटं गाव 1976 च्या मे महिन्यात हादरलं आणि सप्टेंबरच्या धक्क्यांनी उरलंसुरलंही पाडलं. तिथल्या लोकांनी जुन्या चर्चचे हजारो दगड गोळा केले, मोकळ्या जागेत मांडले आणि जुन्या फोटोंशी ताडून एकेकाची जागा शोधली. 1995 मध्ये ते चर्च पुन्हा उघडलं. आपण निदान कोरीव चौकटी, खांबांचे तळखडे, वीरगळ, देवळाचे घडीव दगड बाजूला काढून त्यांवर नंबर टाकावेत. गल्लीचा फोटो, घराची जागा, मालकाचं नाव असलेली एक साधी वहीसुद्धा पुढे फार कामाला येते.

गाव उचलून दुसरीकडे नेणं

हे मला सगळ्यात जास्त सलतं. किल्लारी परिसरातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठं मिळणार, हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अगदी छोट्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्याला 750. एका मापाच्या घरांच्या रांगा लागल्या आणि कागदावर रुंद रस्ते छान दिसले. पण जुन्या गावात ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, बसलं की गल्लीतून जाणारा-येणारा दिसायचा, भावकीची दारं समोरासमोर असायची, गुरं दावणीला अंगणातच असायची. नव्या घरांत ढाळज नव्हती, गोठा नव्हता, धान्य साठवायचं बळद नव्हतं. मग लोकांनी घरापुढे पत्र्याची शेड टाकली, ओटा बांधला, कुड घातला. ही अतिक्रमणं नव्हेत. आराखड्यात जे राहून गेलं, ते लोक आपल्या हातानं भरून काढत होते.

सिसिलीतलं जिबेल्लिना 1968 नंतर असंच दूर नेलं गेलं. जुन्या गावाच्या अवशेषांवर आता पांढऱ्या काँक्रीटचं विस्तीर्ण शिल्प आहे, गल्ल्यांच्या जागी त्यात नुसत्या भेगा. जमीनच खचणारी नसेल तर गाव जागेवरच उभं करा. त्याच किल्लारीच्या पुनर्वसनात दुसऱ्या बाजूला जवळपास दोन लाख घरं जागेवरच दुरुस्त झाली, आणि गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून घरोघरी जाऊन काम समजावून सांगत होत्या. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

भाडेकरूंचंही तसंच. जुन्या पेठेत शिंपी, सोनार, न्हावी कितीतरी वेळा भाड्याच्या गाळ्यात असतात. मदत फक्त सातबारा आणि मालकीहक्कावर वाटली, तर पेठ परत येते पण दुकानं येत नाहीत.

आज उभ्या असलेल्या घरात काय करता येईल

मार्च 2024 मध्ये हिंगोली-नांदेडकडे 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा ही वाट बघण्याची गोष्ट नाही. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड आजच उतरवा. माळवदावरची माती वीतभर ठेवून बाकीची काढा आणि गळतीसाठी खाली प्लास्टिकचा कागद अंथरा. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे लाकडी आधार ठोका. भिंतीला पोट सुटलं असेल तर आधी छताला टेकू द्या. पोट फार वाढलेलं असेल तर तेवढा भाग उतरवून नव्यानं बांधा. भिंत धड असेल तर एकेक दगड हलक्या हातानं काढून आरपार भोक पाडा, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घाला आणि काँक्रीटनं भरा. भोकं एकाच दिवशी सगळी पाडू नका. एक भरून घट्ट झालं की मगच शेजारचं.